आटेदार नळीच्या शॉटगनसाठी अचूक स्लग कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की प्रश्न यायला लागतात. बहुतेक न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन, इलिनॉयमधल्या मराठी मंडळींचे. नुकतंच हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र मिळालेलं असतं, दुकानात स्लगच्या डब्यांची भिंत समोर असते आणि काय उचलावं ते कळत नाही. मी न्यू जर्सीत राहते, इथे हरणाच्या शिकारीला रायफल चालत नाही, त्यामुळे स्लगशी माझा संबंध दर हिवाळ्यात येतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. भारताबद्दल प्रश्न १९ पाहा.

१. ताई, स्लग म्हणजे नेमकं काय? छर्ऱ्यांच्या काडतुसापेक्षा वेगळं काय असतं?

छर्ऱ्यांच्या काडतुसात शिशाचे किंवा पोलादाचे अनेक दाणे असतात, स्लगच्या काडतुसात एकच जड गोळी. बारा गेजच्या साध्या स्लगचं वजन साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम असतं. "बारा" हा आकडा असा आला: नळीच्या व्यासाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात. वीस गेजला तसे वीस गोळे लागतात, म्हणून आकडा मोठा असूनही नळी बारीक. बारा गेजचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस गेजचा सुमारे १५.६.

२. नळीला आटे असल्याने फरक काय पडतो?

स्क्रूला असतात तसे, पण फार लांब पल्ल्याने वळत गेलेले आटे नळीच्या आतल्या भिंतीवर कोरलेले असतात. गोळी त्यांत धरली जाते आणि स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, गती मंदावली की डुलायला लागतो. गोळीचंही तसंच आहे. २८ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला १९०० फूट वेगाने निघालेली गोळी मिनिटाला जवळपास ४९,००० फेऱ्यांच्या गतीने फिरत असते. गुळगुळीत नळीतून निघालेल्या गोळीला हा आधार नसतो. तिला सरळ ठेवण्याचं काम तिच्या आकारावरच येऊन पडतं.

३. फॉस्टर, ब्रेनेकी, सॅबो... ही नावं वाचून डोकं गरगरतं. सोप्या शब्दांत सांगा.

ब्रेनेकी सर्वांत जुना. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेकीने तो १८९८ मध्ये तयार केला. भरीव शिशाच्या गोळीला मागे बुच जोडलेलंच राहतं आणि ते शेपटीचं काम करतं.

फॉस्टर अमेरिकन आहे. कार्ल फॉस्टरने तो १९३१ मध्ये बनवला आणि १९३६ पासून विंचेस्टरने बाजारात आणला. मागून पोकळ, पुढे जड, म्हणजे बॅडमिंटनच्या फुलासारखा. फुलाला कसंही टोलवा, जड बाजू पुढे येतेच. फॉस्टरच्या डब्यावर "रायफल्ड स्लग" असं छापलेलं असतं आणि नवखे तिथेच फसतात. त्या गोळीच्या अंगावरच्या तिरक्या खाचांनी ती म्हणावी तशी फिरत नाही. चोकमधून (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून) जाताना शिसं दबायला जागा मिळावी, हा त्यांचा खरा उपयोग. हा स्लग गुळगुळीत नळीसाठी आहे.

सॅबो हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लाकडी बूट. शेवटचा "ट" उच्चारत नाहीत. नळीपेक्षा बारीक गोळी (बारा गेजमध्ये बहुधा अर्ध्या इंचाची, वीसमध्ये ०.४५ इंचाची) प्लास्टिकच्या बुटात बसवलेली असते. आटे त्या प्लास्टिकला धरतात, बूट आणि गोळी एकत्र फिरतात आणि नळीबाहेर पडताच बूट उकलून गळून पडतो. रेंजवर पंधरा-वीस पावलांवर प्लास्टिकच्या पाकळ्या पडलेल्या दिसतात, त्या याच. आटेदार नळीसाठी शोधायचा तो हा स्लग.

४. सेकंड हँड बंदूक घेतली आहे. नळीला आटे आहेत की नाहीत, कसं ओळखू?

आधी बंदूक रिकामी करा. चेंबर (काडतूस झाडलं जातं तो कप्पा) आणि मॅगझिन (राखीव काडतुसांची जागा) दोन्ही डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा. मग नळी काढून एका टोकाने उजेड टाका आणि दुसऱ्या टोकाने बघा. आटे असतील तर वळणाऱ्या रेघा लगेच दिसतात. फक्त शेवटच्या दोन-तीन इंचांत रेघा दिसल्या, तर ती आटेदार चोक आहे, आटेदार नळी नव्हे (प्रश्न १२ पाहा).

५. नेमका कोणता ब्रँड सर्वांत अचूक? एकच नाव सांगा ना.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याला एका नावाचं उत्तर नाही. मी टाळत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुका वेगवेगळे स्लग पसंत करतात. नळीचा आतला व्यास केसाएवढा इकडचा तिकडे असतो, आट्यांची खोली आणि चेंबरपुढचा उतार वेगळा असतो, आणि प्लास्टिकच्या बुटाला हे सगळं जाणवतं. माझ्या शेजारच्यांच्या बंदुकीतून शंभर यार्डवर दोन इंचांत बसणारा स्लग माझ्या नळीतून नऊ इंच पसरला. मी दुर्बिणीला दोष देत राहिले, तिचे स्क्रू तीनदा आवळले. स्लग बदलला आणि त्याच दुपारी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, अडीच इंचांवर आला. निवड नळी करते. आपण तिच्यापुढे तीन-चार पर्याय ठेवायचे आणि कागदावर काय उमटतं ते मान्य करायचं.

पर्याय कुठून निवडायचे, ते सांगू शकते. हॉर्नडीचा एसएसटी, रेमिंग्टनचा अ‍ॅक्युटिप, विंचेस्टरचा पार्टिशन गोल्ड, फेडरलचा ट्रॉफी कॉपर हे आटेदार नळीसाठीच बनवलेले सॅबो आहेत. मिळतील त्यांतले तीन उचला आणि प्रश्न ८ मधल्या रीतीने तपासा.

६. ट्विस्ट रेट हा काय प्रकार आहे? तो बघून स्लग घ्यावा का?

एका पूर्ण फेऱ्याला आटे किती इंच घेतात, तो आकडा म्हणजे ट्विस्ट. १:२८ म्हणजे २८ इंचांत एक फेरा. पुढचा आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट. रेमिंग्टन ८७० च्या आटेदार नळीत तो १:३५ असतो, सॅव्हेज २२० या वीस गेज बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये १:२४.

ढोबळ नियम असा की, लांबट, टोकदार आणि वेगवान गोळीला घट्ट पीळ हवा, आखूड, बोथट आणि हळू गोळीला सैल पीळ पुरतो. १:३५ च्या जुन्या नळीतून २००० फूट वेगाचे सॅबो पसरत असतील, तर त्याच कंपनीचा १५०० फुटांच्या आसपासचा जड, बोथट सॅबो लावून बघा. बऱ्याचदा तिथेच गाठ सुटते. ट्विस्टवरून यादी छोटी करता येते, निकाल मात्र कागदच देतो.

७. बारा गेज घेऊ की वीस? आणि काडतूस पावणेतीन इंची की तीन इंची?

जुनी समजूत अशी की हरणाला बाराच हवं. आजचे वीस गेजचे सॅबो २५०-२६० ग्रेनची (साधारण १६-१७ ग्रॅमची) गोळी १८०० ते १९०० फुटांनी फेकतात आणि शंभर-सव्वाशे यार्डवरच्या हरणाला ते पुरेसं आहे. बारा गेजचा धक्का मात्र खांद्याला चांगलाच बसतो. हलक्या बंदुकीतून तीन इंची मॅग्नम स्लग झाडला, तर धक्क्याची ऊर्जा नेहमीच्या .३०-०६ रायफलच्या दुप्पट सहज होते. मग चाप ओढताना डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि दोष स्लगला जातो. नवख्यांना मी वीस गेज सुचवते. बारीक चणीच्या माणसांना तर नक्कीच.

लांबीबद्दल सुरक्षेचा एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. नळीवर पावणेतीन इंच कोरलं असेल, तर तीन इंची काडतूस त्यात घालायचं नाही. ते आत बसतं, म्हणून चालतं असं वाटतं. काडतुसाचं तोंड उलगडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळी तीन इंची असेल, तर दोन्ही चालतात. अचूकतेत पावणेतीन इंची मागे पडत नाही. धक्का कमी असल्याने अनेकांच्या हातात तेच बरं बसतं.

८. स्लगची चाचणी नेमकी कशी करायची? पाच गोळ्यांचा डबा पंधरा-वीस डॉलरला मिळतो, वाया घालवायचा नाही.

घाईने वाया जातो, रीतीने नाही. सुरुवात घरी करा. नळी स्वच्छ करा, दुर्बिणीच्या माउंटचे सगळे स्क्रू तपासा. पंप-अ‍ॅक्शन (पुढचं लाकूड मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) असेल तर नळीला मॅगझिनची टोपी धरून ठेवते. ती सैल असेल तर प्रत्येक गोळी वेगळीकडे जाते. टोपीवर आणि मॅगझिनच्या नळीवर एकेक खूण करा आणि दर वेळी टोपी त्याच खुणेपर्यंत आवळा. दुर्बीण नळीवरच बसणाऱ्या, म्हणजे कँटिलिव्हर माउंटवर असेल तर उत्तम, कारण नळी हलली तरी दोघी बरोबर हलतात.

रेंजवर पहिली गोळी २५ यार्डवर. कागदावर लागतेय का, एवढंच बघायचं. मग ५० यार्डवर नेम अंदाजे मध्यावर आणा आणि खरा ग्रुप १०० यार्डवर घ्या. वाळूची पिशवी पुढच्या लाकडाखाली ठेवा, नळीखाली कधीच नाही. पुढचं लाकूड हाताने घट्ट धरा. रायफलवाले ते नुसतं टेकवून ठेवतात, पण स्लग नळीत जास्त वेळ असतो आणि तो बाहेर पडण्याआधीच बंदूक उसळायला लागते. दर वेळी सारखीच उसळावी, यासाठी ही पकड.

प्रत्येक स्लगच्या तीन गोळ्या, दोन गोळ्यांमध्ये चार-पाच मिनिटं. नळी हाताला कोमट लागली तरी थांबा, गरम नळीत प्लास्टिक वेगळं वागतं. एक ब्रँड संपला की नळी पुसा, कारण आधीच्या बुटाचा प्लास्टिकचा थर पुढच्याचा ग्रुप बिघडवतो. नळी पुसल्यावरची पहिली गोळी मोजू नका. प्रत्येक कागदावर ब्रँड, लॉट क्रमांक, तापमान आणि वारा लिहा. माझ्याकडे सगळ्या मोसमांचे कागद एका फाइलमध्ये आहेत आणि दुकानदाराच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा ती फाइल मला जास्त उपयोगी पडली आहे.

दिवसाला दहा-बारापेक्षा जास्त स्लग झाडू नका. त्यापुढे खांदा खोटं बोलायला लागतो. जिंकलेल्या स्लगचे पाच गोळ्यांचे दोन ग्रुप दुसऱ्या दिवशी घ्या. तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र बसतात. खात्री पटली की त्याच लॉटचे तीन-चार डबे एकदम घेऊन ठेवा.

९. किती इंचांचा ग्रुप चांगला म्हणायचा?

शंभर यार्डवर तीन इंचांच्या आत आला तर शोध थांबवा. दोन इंच म्हणजे नशीबवान नळी. हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढा असतो. टेबलावर तीन इंच बसणारी बंदूक मचाणावर, थंडीत, धडधडत्या छातीने सहज सहा इंच पसरते. म्हणून ज्या अंतरावर तुमचा टेबलावरचा ग्रुप चार इंचांच्या बाहेर जातो, ती तुमची हद्द. डब्यावर दोनशे यार्ड छापलेलं असलं तरीही. माझ्या पहिल्या मोसमात मी ही हद्द ओलांडली आणि एका मादीच्या मागे रक्ताचे थेंब शोधत रात्री साडेदहापर्यंत फिरले. ती सापडली, पण ती संध्याकाळ अजून माझ्याबरोबर आहे.

१०. नेम किती यार्डवर बसवू?

फॉस्टर वापरत असाल तर ५० यार्डवर. नळीतून १५६० फुटांनी निघालेला एक औंसाचा फॉस्टर १०० यार्डपर्यंत हजार फुटांच्या आसपास मंदावतो आणि ५० ला बसवलेल्या नेमापासून पाचेक इंच खाली येतो. १८०० ते २००० फुटांच्या सॅबोला १०० यार्डवर अडीच इंच वर बसवलं, तर तो १५० यार्डच्या आसपास नेमावर येतो. आमच्या दाट जंगलात ऐंशी यार्डपुढे काही दिसत नाही, म्हणून मी सरळ १०० वर बसवते आणि गणित डोक्यातून काढून टाकते.

११. आटेदार नळीतून स्वस्त फॉस्टर झाडले तर नळी फुटेल का?

नाही, गेज आणि लांबी बरोबर असेल तर धोका नाही. पण मऊ शिसं आट्यांत घासून बसतं, काही गोळ्यांत आटे बुजतात आणि त्यानंतर सॅबोही वाकडे जायला लागतात. ते शिसं काढायला ब्रशने तासभर खपावं लागतं. ब्रेनेकी प्रकारातले काही स्लग दोन्ही नळ्यांसाठी विकले जातात, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. माझ्या मते आटेदार नळीवर खर्च केला असेल, तर स्लगमध्ये काटकसर करू नये.

१२. उलट केलं तर? गुळगुळीत नळीतून सॅबो? आणि आटेदार चोक लावली तर?

गुळगुळीत नळीत सॅबोला फिरवणारं काहीच नाही. बूट सुटतो, गोळी गडगडत जाते आणि कागदावर आडवी भोकं दिसतात. डॉलर गेले, हरीण जखमी व्हायची शक्यता वाढली. आटेदार चोकच्या दोन-तीन इंचांत थोडा पीळ मिळतो आणि हळू सॅबो काही बंदुकांतून बरे जातात. पूर्ण वेगाने आलेल्या सॅबोला मात्र ती अचानक पकडते आणि प्लास्टिक घसरतं. गुळगुळीत नळीच ठेवायची असेल, तर चांगला फॉस्टर, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक आणि पन्नास-साठ यार्डची शिस्त.

१३. हीच नळी टर्कीला किंवा बकशॉटला (मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाला) चालेल का?

झाडली जाईल, पण उपयोग नाही. फिरत बाहेर पडलेले छर्रे बाहेर फेकले जातात आणि मधोमध मोकळी जागा राहून मेदुवड्यासारखं कडं उमटतं. दुसरी गुळगुळीत नळी घ्या.

१४. सप्टेंबरमध्ये बसवलेला नेम डिसेंबरमध्ये हलला. बंदूक बिघडली का?

बहुधा नाही. आधी टोपी आणि स्क्रू बघा (प्रश्न ८). मग थंडीचा विचार करा. गार पडलेलं प्लास्टिक कडक होतं, बारूद हळू जळते आणि गोळी किंचित खाली लागते. ग्रुपही थोडा फाटतो. शेवटचा नेम मोसमाच्या हवेतच बसवा. स्लग उन्हाळ्यात गाडीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका. उष्णतेने बूट काडतुसातल्या काडतुसात आकार बदलतात. माझे डबे घरात, कुलूपबंद कपाटात असतात.

१५. तांब्याचे स्लग घ्यावेत का?

कॅलिफोर्नियात पर्याय नाही. १ जुलै २०१९ पासून तिथे वन्यजीवांच्या शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद आहेत. इतरत्रही मी तांब्याच्या बाजूने आहे, कारण शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते आणि ते मांस आपल्याच मुलांच्या ताटात येतं. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला घट्ट पीळ हवा (प्रश्न ६). १:३५ च्या नळीत ती जमेलच असं नाही.

१६. आता बऱ्याच राज्यांत सरळ काडतुसाच्या, म्हणजे ज्यांचं काडतूस तोंडाशी अरुंद होत नाही अशा रायफली चालतात. मग स्लग गन घ्यायचीच कशाला?

खरं आहे. ओहायो आणि मिशिगनच्या दक्षिण भागात २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली चालतात, इलिनॉयमध्ये २०२३ पासून एका वेळी एकच काडतूस भरता येणाऱ्या. तिथे नव्याने सुरुवात करणाऱ्याने .३५० लेजेंड किंवा .४५० बुशमास्टर या काडतुसांच्या रायफलीचा विचार जरूर करावा. खांदाही वाचतो आणि गोळ्याही बहुधा स्वस्त पडतात. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ही वाट बंद आहे. नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची राज्याची पुस्तिका वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. न्यू जर्सीत स्लग वापरताना बंदुकीला जुळवता येणारी साइट (नेम धरायची खूण) किंवा दुर्बीण असावीच लागते, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

१७. स्लग लवकर जमिनीवर येतो, म्हणजे रायफलपेक्षा सुरक्षितच ना?

या समजुतीवर विसंबू नका. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास झाला. वर झाडलेली रायफलची गोळी जास्त लांब जाते, हे त्यात दिसलंच. पण जमिनीला समांतर झाडलेला स्लग जमिनीवर आपटून उसळला की रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो. हरणामागे माती दिसत नसेल, तर चाप ओढायचा नाही.

१८. मी एच-१बी वर आहे. स्लग विकत घेऊ शकतो का?

हा प्रश्न स्लगचा नाही, पण चुकला तर सगळंच चुकतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगरस्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना बंदूकच नव्हे, तर काडतूस जवळ बाळगायलाही बंदी आहे. एच-१बी आणि एफ-१ दोन्ही त्यात येतात. या बंदीला जे अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे कोणत्याही अमेरिकी राज्याचा चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातला अर्धा डबासुद्धा गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. राज्याचे नियम त्याशिवाय वेगळे. न्यू जर्सीत बंदूक घेण्याआधी बंदूक खरेदीचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, मित्राच्या अनुभवावर जाऊ नका.

१९. गावी आजोबांची बारा बोअर आहे. इथून दोन-चार स्लग घेऊन जाऊ का?

नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि हौशी शिकारीचे दिवस संपले. शस्त्र आणि दारूगोळा दोन्ही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतात. सामानात विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूसही विमानतळावर सापडलं, की गुन्हा नोंदवला जातो. "विसरलो" म्हणून सुटका व्हायला महिनोन् महिने कोर्टात जातात. शिकारीचं जाकीट आणि पाठपिशवी भारताच्या प्रवासाला वापरूच नका. वापरलीच, तर प्रत्येक खिसा उलटा करून झटका, अस्तराच्या फाटलेल्या शिवणीतही बोट घालून बघा. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात मार्च महिन्यात वीस गेजचा एक सॅबो सापडला होता, आणि तिकीट एप्रिलचं होतं.